निजलेल्यासाठी जागणारे

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती २:२१-२२, मार्क १४:३२-४२, मार्क १५:२३, लूक १०:३०-३५



मराठवाड्यातील आपल्या कितीतरी कुटुंबांच्या दुखण्याची वाट अखेर हैदराबादेस जाऊन थांबते. देगलूरहून, उदगीरहून, नांदेडहून माणसे रात्रीच्या गाडीने निघतात. सोबत रिपोर्टांची फाइल, एका पिशवीत दशम्या आणि दुसऱ्या पिशवीत पवित्र शास्त्र. मोठ्या इस्पितळात एक दार असते. त्यावरची तीन इंग्रजी अक्षरे आता खेड्यातल्या आजीलाही पाठ झाली आहेत : आय. सी. यू. मराठीत आपण त्याला अतिदक्षता विभाग म्हणतो. दाराच्या आत आपले माणूस निजलेले असते; घशात नळी, हाताला सुया, छातीला तारा, आणि यंत्र त्याचा श्वास चालवीत असते. दाराबाहेर आपण बसलेले असतो.

त्या दाराबाहेर आम्हा सेवकांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांत तीन हमखास असतात. पहिला : यांना एवढी गुंगी कशाला? दुसरा : गुंगी आहे, तर मग भुवया का आक्रसतात? यांना दुखत असेल का? आणि तिसरा प्रश्न, आवाज खाली आणून : पाळकसाहेब, प्रभूने वधस्तंभावर सारे सोसले, मग आपल्या माणसाला वेदना मारणारे औषध देऊ द्यावे, की ते विश्वासाला उणेपणा आणणारे आहे?

पहिले दोन प्रश्न डॉक्टरांचे आणि तिसरा पाळकाचा, असे वरवर वाटते. परंतु शास्त्राच्या उजेडात पाहिले तर तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून आज आपण या एका गोष्टीचा विचार करू : दुखणाऱ्याला झोप देणे ही दया आहे, पण ती दया पुरी होण्यासाठी, ज्याला निजवले त्याच्यासाठी कोणीतरी जागे राहिले पाहिजे.

देवाने दिलेली पहिली झोप

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर आदामावर गाढ झोप आणतो, त्याची एक फासळी काढतो आणि ती जागा मांसाने भरून काढतो. हा भाग आपण लग्नाच्या उपासनेत ऐकतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून पाहा. ही घटना पापात पतन होण्यापूर्वीची आहे. शाप अजून आलेला नाही. तरीही मनुष्याचे शरीर उघडायचे तेव्हा देवाने आधी त्याला निजवले. जागेपणी सोसायला लावून त्याची परीक्षा घेतली नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. आदाम निजला, देव निजला नाही. ज्याने झोप दिली तोच हाताने काम करीत राहिला, त्यानेच जखम बंद केली आणि जागे होताना तोच समोर होता. झोप देणारा उठून निघून गेला नाही. एकशेएकविसाव्या स्तोत्रात आपल्या रक्षकाचे जे वर्णन आहे, की त्याचा डोळा कधी लागत नाही, त्याचा पहिला दाखला एदेन बागेतच मिळतो.

याच वचनाचा आधार १८४७ साली एका डॉक्टराने घेतला. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्मचा गुण ओळखला आणि बाळंतिणींच्या वेदना हलक्या करण्यासाठी तो वापरू लागले. स्त्रीने वेदनेनेच प्रसवावे असे शास्त्रात असताना ही लुडबूड कशाला, असा आक्षेप निघाला. सिम्प्सन यांनी आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्याच वर्षी छापली आणि तीत आदामाच्या गाढ झोपेकडे बोट दाखवले. पुढे १८५३ साली डॉ. जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिला, आणि मग आक्षेपांचा जोर पुष्कळ ओसरला.

पण नवे औषध नवे भयही घेऊन आले. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात एक पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासारख्या किरकोळ कामासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. असे मृत्यू पुढे ठिकठिकाणी घडत राहिले. औषधाने आधी हृदय थांबते की श्वास, यावर डॉक्टरांत वाद माजला. तो वाद सोडविण्याचा मोठा प्रयत्न झाला तो लंडनात नव्हे, पॅरिसात नव्हे, तर निजामाच्या हैदराबादेत.

हैदराबादचा धडा

त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले ते याच राज्यात. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीत डॉ. एडवर्ड लॉरी हे सर्जन होते आणि तेथील मेडिकल स्कूलही त्यांच्या हाती होते. ते एडिंबरोत शिकलेले होते. भूल देताना रोग्याची नाडी धरून बसू नका, त्याच्या श्वासावर लक्ष ठेवा, ही शिकवण त्यांनी तेथून आणली होती. अफझलगंजच्या इस्पितळात ते याच रीतीने काम करीत.

आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्यांनी निजाम सरकारच्या मदतीने १८८८ साली चौकशी मंडळ बसविले. त्याला हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन म्हणतात. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याच्या निष्कर्षावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि कळविले, तुमचा तज्ज्ञ पाठवा. त्याप्रमाणे डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले आणि १८८९ साली दुसरे कमिशन झाले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. ब्रंटन स्वतः आधी दुसऱ्या मताचे होते. तेही लॉरींच्या बाजूला आले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. तेव्हा भूल देणाऱ्याने श्वासावरची नजर एक क्षणही काढू नये.

याच शाळेत १८८५ साली पहिल्यांदा ज्या मुलींना प्रवेश मिळाला, त्यांत रूपाबाई फर्दूनजी या पारशी कन्या होत्या. १८८९ साली त्यांचे शिक्षण पुरे झाले. पुढे रेसिडेन्सीच्या दवाखान्यात, अफझलगंजात आणि जनाना इस्पितळात रोग्यांना भूल देण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. जगातील अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. १९०९ साली, म्हणजे वीस वर्षे काम केल्यावर, त्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोस गेल्या. हाताला सराव झाला म्हणून शिकणे संपले असे त्यांनी मानले नाही.

या कथेला अजून एक वळण आहे, आणि धर्मोपदेशाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. कमिशनचा निष्कर्ष पुरता खरा नव्हता. १९११ साली डॉ. गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतानाही हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकते. म्हणजे श्वासावर डोळा ठेवा हे शिकवणे योग्य होते. पण हृदयाकडे पाहूच नका, हे म्हणणे चुकीचे होते. एका बाजूला टक लावून पाहणाऱ्यांना दुसरी बाजू दिसली नाही.

आपल्या भाषेत एक शब्द मोठा बोलका आहे. रोग्याला देतात तीही भूल आणि माणसाला पडते तीही भूल. भूल देणाऱ्याला भूल पडून चालत नाही. हैदराबादने जगाला दोन धडे दिले. पहिला, निजलेल्याच्या उशाशी सावध बसा. दुसरा, आपल्याला सारे दिसते असे समजू नका. जागरण आणि नम्रता या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या म्हणजेच ती अतिदक्षता.

दाराआड काय चालते

क्लोरोफॉर्म आता इतिहासजमा झाला आहे. आजच्या अतिदक्षता विभागात फेंटॅनिल व मॉर्फिन ही वेदना शमविणारी औषधे असतात. मिडॅझोलाम, दुधासारखे पांढरे दिसणारे प्रोपोफॉल आणि डेक्समेडेटोमिडीन ही गुंगीची औषधे असतात. छोट्या पंपातून ती थेंबाथेंबाने शिरेत जातात. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. गुंगी वेगळी आणि वेदनाशमन वेगळे. गुंगीचे औषध माणसाला निजवील, पण ते दुखणे थांबवीलच असे नाही. स्नायू सैल करणारे औषध तर माणसाला हलूही देत नाही. ते देताना पुरेशी गुंगी नसेल, तर आत जागा असलेला माणूस बाहेरून अगदी शांत दिसेल. शांत दिसतो म्हणजे सुखी आहे, असे नव्हे.

म्हणून आज वैद्यकाचा नियम असा आहे की आधी वेदना पाहा आणि तिच्यावर उपाय करा. मग लागेल तेवढीच गुंगी द्या. बोलू शकणाऱ्या रोग्याला दुखणे किती आहे ते विचारतात. नळीमुळे जो बोलू शकत नाही, त्याचा चेहरा, त्याच्या हालचाली, स्नायूंचा ताठरपणा आणि यंत्राशी त्याचा श्वास जुळतो की झगडतो, या चार गोष्टींवरून शून्य ते आठ असे गुण देतात. गुंगी किती खोल आहे तेही मोजतात. उणे पाच म्हणजे हाकेला वा स्पर्शाला काहीच प्रतिसाद नाही. शून्य म्हणजे जागा व शांत. अधिक चार म्हणजे हातघाईवर आलेला. नर्सताई फळ्यावर वा कागदावर जे आकडे लिहिते, त्यांत हेही असतात. भुवया आक्रसल्या हे तुम्हाला दिसले, तर ते तिला सांगा. ती तुमची कल्पना नव्हे. मोजण्याच्या चार गोष्टींपैकी ती एक आहे.

पूर्वी समजूत होती की रोगी जितका गाढ निजेल तितके बरे. २००० साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी यंत्रावरच्या १२८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींची गुंगी ते रोज एकदा थांबवीत आणि रोगी जागा होतो का ते पाहत. या रोग्यांना यंत्र साधारण ४.९ दिवस लागले. ज्यांची गुंगी नेहमीप्रमाणे चालू ठेवली त्यांना ७.३ दिवस. पुढे २०१८ साली अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यकांच्या संस्थेने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हलक्या गुंगीकडेच कल आहे. फुप्फुसे फारच बिघडली असतील, मेंदूवर दाब वाढला असेल, झटके थांबत नसतील, तर खोल गुंगी लागते. तो निर्णय डॉक्टरांचा. पण कारण नसताना माणसाला दिवसचे दिवस गाढ निजवून ठेवणे, ही दया नव्हे.

बंधुभगिनींनो, यात एक कठीण सत्य दडलेले आहे. हलकी गुंगी देऊन माणसाला जवळजवळ जागे ठेवायचे, तर त्याच्या उशाशी अधिक माणसे, अधिक वेळ लागतो. तो हात हलवील, नळीकडे हात नेईल, घाबरेल. त्याला कोणी धीर द्यावा लागेल. गाढ निजवून टाकणे सोपे असते. अनेकदा नातेवाईकच म्हणतात, सिस्टर, जरा इंजेक्शन वाढवा म्हणजे ते शांत पडतील. ते कोणाच्या शांतीसाठी आपण मागतो? त्यांच्या, की आपल्या? हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाला विचारावा.

वधस्तंभाजवळचा पेला

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. मार्ककृत शुभवर्तमानात असे आहे की प्रभूला वधस्तंभावर खिळण्यापूर्वी गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, आणि त्याने तो घेतला नाही. अशा पेयाने शुद्ध मंदावत असे. यावरून काही भक्त म्हणतात, प्रभूने नाकारले ते आम्ही कसे घ्यावे?

प्रियजनहो, प्रभूने तो पेला का नाकारला? कारण त्याच्या हाती दुसरा प्याला होता, जो पित्याने दिला होता आणि जो जगात दुसऱ्या कोणाला पिता येणार नव्हता. तो प्याला त्याने पूर्ण शुद्धीवर राहून, शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला. पापाचे प्रायश्चित्त तेथे एकदाच झाले आणि पुरते झाले. आपण प्रोटेस्टंट मंडळी हा सिद्धांत मोठ्या निष्ठेने शिकवतो. मग आपल्या आजारी भावाने नळीची जळजळ, जखमेची कळ सोसून त्यात काय भर घालायची आहे? त्याच्या वेदनेने कोणाचे पाप फिटणार नाही, त्याचे स्वतःचेही नाही. ते फिटलेले आहे. वेदनेत पुण्य शोधणे म्हणजे कृपेवर अविश्वास दाखवणे होय.

आणि हेही पाहा. ज्यांनी तो पेला पुढे केला, त्यांना प्रभूने दोष दिला नाही. शेवटी तहान लागली असे त्याने स्वतः सांगितले आणि स्पंजावरून दिलेली आंब ओठांना लावू दिली. देवाचा पुत्र दुसऱ्याच्या हातून ओलावा घेण्यास लाजला नाही. मग आपण का लाजावे? चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. त्याने वाटेत पडलेल्या माणसाला आधी उपदेश केला नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि त्या बांधल्या. मग उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतली, म्हणजे ती रात्र त्याच्याजवळ काढली. औषध आणि सोबत, दोन्ही त्याने दिले.

मॉर्फिनचे भय आपल्या लोकांत फार आहे. ते घेतले की व्यसन लागते, ते दिले की माणूस लवकर जातो, असे बोलले जाते. जाणत्या डॉक्टराच्या हाताने, वेदना मोजून, योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे आणि हत्याही नव्हे. वेदना हटविण्याचा हेतू आणि जीव घेण्याचा हेतू यांत पूर्व-पश्चिमेचे अंतर आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तरी कित्येक वर्षे आपल्याच रोग्यांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त होते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांची गुंतागुंत एवढी होती की इस्पितळे ते ठेवण्यासच धजत नसत. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सुकर झाली. हैदराबादेत मेहदी नवाज जंग यांच्या नावाच्या सरकारी कर्करोग इस्पितळात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि २०११ पासून स्पर्श हॉस्पिस ही संस्था शेवटच्या टप्प्यातील रोग्यांची सेवा करीत आहे. ज्याला बरे करता येत नाही, त्याचेही दुखणे कमी करता येते. हे कळल्यावर आपल्या माणसाला तळमळत ठेवणे, हे विश्वासाचे लक्षण नाही.

वातातली बडबड आणि मायबोली

यंत्रावर असलेल्या रोग्यांत एक अवस्था वारंवार दिसते. गावाकडे आपण म्हणतो, त्याला वात झाला, तो वातात बडबडतो. डॉक्टर तिला डिलिरियम म्हणतात. भिंतीवर माणसे दिसतात, नर्स विष देते असे वाटते, दिवसाची रात्र होते. काही घरांत लगेच भूतबाधेची कुजबूज सुरू होते, आणि कोणी प्रार्थनेच्या नावाने मोठमोठ्याने धमकावण्या करू लागतात. असे करू नका. हा आजारी मेंदूचा गोंधळ आहे. जंतुदोष, औषधे, झोपमोड अशी त्याची कारणे असतात. मोठा आवाज भेदरलेल्या माणसाला आणखी भेदरवतो.

एक कारण असे आहे की ते घरच्यांनाच ठाऊक असते आणि घरचेच लपवतात. माणूस रोज दारू घेत असेल आणि इस्पितळात आल्यावर ती एकदम तुटली, तर दोन-तीन दिवसांत कंप, भास, झटके येऊ शकतात. मंडळीत नाव जाईल म्हणून पत्नी गप्प राहते, वडील भाऊ गप्प राहतो, आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. आम्ही कळकळीने विनवतो की डॉक्टरांना खरे सांगा. झोपेच्या गोळ्यांचेही असेच. आणि ज्या मंडळीच्या भयाने पत्नीला हे लपवावे लागते, त्या मंडळीनेही आपले परीक्षण करावे. एखाद्याची लाज राखण्याच्या नादात त्याचा जीव जाऊ नये.

या गोंधळावर मोठा उपाय पुष्कळदा अगदी साधा असतो. त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र, कवळी त्यांना मिळू द्या. दिवसा उजेड आणि रात्री अंधार असू द्या. आज वार कोणता, आपण कोठे आहोत, हे पुन्हा पुन्हा सांगा. आणि ते मराठीत सांगा. देगलूरची आजी हैदराबादच्या इस्पितळात डोळे उघडते, तेव्हा तिच्या कानी तेलुगू पडते, इंग्रजी पडते, केरळच्या सिस्टरचे मल्याळी पडते. सारे तिच्या जिवासाठी झटत असतात, पण तिला वाटते की आपण परक्या लोकी येऊन पडलो. अशा वेळी, आई, मी तुझा थोरला, तू दवाखान्यात आहेस, तुझ्या घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, भिऊ नको, एवढी चार वाक्ये मायबोलीत ऐकू आली, तर त्यांचा गुण थोडा नसतो. हे काम हैदराबादेत राहणारी आपली मराठी माणसे करू शकतात.

मंडळीने काय करावे

तर मग आपले कर्तव्य काय? आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. यांच्या वेदना मोजल्या जातात का व आज त्या किती आहेत? गुंगी किती खोल ठेवली आहे व का? आज त्यांना जागे करून पाहणार आहात का? हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या घरचे लोक विचारतात, ते डॉक्टरांना साथच देतात.

आत जाल तेव्हा हात धुऊन जा, एकेक जण जा. निजलेल्याला काही कळत नाही असे धरून खाटेजवळ बिलाची, वाटणीची, मरणाची भाषा करू नका; त्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते. हात हाती घ्या, नाव घेऊन हाक मारा, त्याच्या आवडीचे गीत हळू म्हणा, प्रार्थना थोडक्यात करा. नर्सताईंचे आभार माना. रात्रभर जागणारी ती बाई तुमच्यासाठी रूपाबाईंचाच वारसा चालवते.

एक वही ठेवा. युरोपातील काही इस्पितळांत ही रीत आहे : रोज काय झाले, कोण भेटून गेले, केव्हा डोळे उघडले, हे दोन ओळींत लिहितात. जो बरा होऊन येतो त्याच्या आयुष्यातले ते दिवस हरवलेले असतात आणि त्यांच्या जागी भयानक स्वप्ने उरतात. ही वही त्याला त्याचे दिवस परत देते.

आणि तो घरी परतला की भेटीला जाणे थांबवू नका. नळी निघाली म्हणजे दुखणे संपले असे नाही. हातापायांतली शक्ती, झोप, स्मरण यायला महिने लागतात. उपकारस्तुतीची सभा झाल्यावर तो पुन्हा एकटा पडतो, हे आमच्या नेहमी पाहण्यात येते.

गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्र, याकोब व योहान यांच्याकडे काय मागितले होते? तलवार नाही, युक्तिवाद नाही. माझ्या जिवाला क्लेश होत आहेत, तुम्ही येथे थांबा आणि जागे राहा, एवढेच. ते तिघे प्रभूवर प्रीती करणारे होते, तरी एक घटकाभर त्यांना जागता आले नाही. त्या रात्री प्रभूला जे मिळाले नाही, ते आज त्याच्या दुखणाईत भावंडांना देण्याची संधी तो आपल्याला देत आहे. प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दाराआड आणि दाराबाहेर तोच आपल्याला विचारतो, तुम्ही जागे आहात ना?

प्रार्थना : हे देवपित्या, तू आदामाला निजवून स्वतः जागा राहिलास. आज रात्री जे यंत्राच्या आधाराने श्वास घेत आहेत, त्यांच्या वेदना हलक्या कर. जे त्यांना औषध देतात त्यांची नजर स्वच्छ व अंतःकरण नम्र ठेव. दाराबाहेर बसलेल्यांना धीर दे. आणि आम्हा तुझ्या मंडळीला जागे राहण्यास शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.